बाटलीतले औषध आणि टाकीतला रोग

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत सकाळच्या प्रहरी मालमोटारींची रांग लागलेली असते. कारखान्यांची फाटके उघडण्यास अवकाश असतो. चालक चहा घेत असतात, क्लीनर टायर ठोकून पाहत असतात. अशाच एका पावसाळी सकाळी एका चालकाने आसनाखालून लहानशी बाटली काढली, झाकणाने मापून तीतला लालसर द्रव डिझेलच्या टाकीत ओतला आणि टाकीचे तोंड फडक्याने पुसून बंद केले. आजारी मुलाला आई चमच्याने औषध पाजते तशी त्याची एकाग्रता होती. हे काय, असे विचारताच तो म्हणाला, "साहेब, वाटेत डिझेल कसलं मिळेल याचा भरवसा नाही. गाडीचं कर्ज माझ्या डोक्यावर आहे. म्हणून दोन झाकणं घालतो."

त्या बाटलीत कोणते रसायन होते, हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न त्याच्या 'भरवसा नाही' या दोन शब्दांचा आहे. जी वस्तू कायद्याने ठरवून दिलेल्या गुणवत्तेची असावयास हवी, जिच्यावर केंद्र आणि राज्य अशी दोन्ही सरकारे भरपूर कर घेतात, ती पूर्ण किमतीस विकत घेतल्यावर ग्राहकाला पदरच्या पैशाने पुन्हा शुद्ध करून घ्यावी लागत असेल, तर दोष कोठे तरी टाकीच्या बाहेर आहे.

प्रथम या औषधाची योग्यता पाहू. डिझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबून तापवावयाची आणि त्या तप्त हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा, की ते आपोआप पेटते. आधुनिक मालमोटारींत हा फवारा वातावरणाच्या दाबाच्या दीड हजार पटींहूनही अधिक दाबाने सोडला जातो. तो सोडणाऱ्या इंजेक्टरच्या सरकत्या भागांमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी असते, आणि त्या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. इंधनात पाणी, कचरा किंवा भलतेच पातळ तेल आले, की पहिला घाव या नाजूक भागांवर बसतो.

पूरक द्रव्ये हा काही निव्वळ भोंदूपणा नव्हे. त्यांतील काही इंधन लवकर पेटण्यास साह्य करतात, काही इंजेक्टरच्या तोंडावर साचलेली काजळी धुतात, काही वंगणगुण वाढवितात. पण ही गोष्ट शुद्धीकरण कारखान्यांनाही ठाऊक आहे. डिझेलमधील गंधक काढून टाकताना त्याचा नैसर्गिक वंगणगुणही उणावतो. म्हणून वंगणगुण देणारे द्रव्य कारखान्यातच मिसळले जाते. सीटेन अंक, म्हणजे इंधन पेट घेण्याची तत्परता, किमान ५१ असावी असे आपले मानक सांगते. तात्पर्य, चांगल्या डिझेलला बाटलीची फारशी गरज नसते आणि वाईट डिझेल बाटलीने चांगले होत नाही. त्यात मिसळलेले रॉकेल कोणतेही द्रव्य वेगळे काढून देत नाही. फार तर बिघाड थोडा लांबणीवर पडतो.

एके काळी स्कूटरच्या पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकण्याची टूम होती. डिझेलच्या बाबतीत ती उलटीच पडेल. कारण सीटेन अंकाची पट्टी प्रथम आखताना ज्या द्रवाला शून्य गुण दिले गेले, तो डांबरगोळीच्याच गोत्रातला आहे. आपल्या कोकणपट्टीतील पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली, की आतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. ते वेळच्या वेळी काढून टाकणे आणि फिल्टर बदलणे हा बहुतेक बाटल्यांहून स्वस्त उपाय आहे. परंतु झाकणभर औषध घातल्याचे जे समाधान मिळते, ते फिल्टरची चकती सैल करून पाणी सोडण्यात मिळत नाही, हेही खरे.

चालकाचा हा अविश्वास मात्र अनाठायी नाही. त्याला इतिहास आहे आणि तो रक्ताने लिहिलेला आहे. २०११च्या आरंभी डिझेल लिटरला चाळीस रुपयांच्या पुढे गेले होते, तर रेशनवरचे रॉकेल बारा-तेरा रुपयांना होते. गरिबाच्या चुलीसाठी आणि कंदिलासाठी ठेवलेले ते स्वस्त निळे रॉकेल टँकरांत पोहोचविणाऱ्याला लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक सुटत. मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे आहेत. त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीचा संशय आल्याने आपली गाडी थांबविली आणि भर दिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यापूर्वी पाचच वर्षे, १९ नोव्हेंबर २००५ रोजी, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचा सत्तावीस वर्षांचा अधिकारी एस. मंजुनाथ भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केल्यामुळे गोळ्यांना बळी पडला होता. हे दोघेही नेमून दिलेले कामच करीत होते. आपल्या देशात कर्तव्य बजावण्यास शौर्य लागावे, ही अभिमानाची गोष्ट नाही.

सोनवणे यांच्या हत्येनंतर राज्यातील सरकारी कर्मचारी संतापाने रस्त्यावर आले, छापे पडले, समित्यांची भाषा झाली. परंतु भेसळीचे मूळ जे किमतीतील अंतर, त्यावर खरा घाव बसला तो नंतर आणि बिनबोभाट. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलची किंमत नियंत्रणमुक्त झाली. २०१६पासून रेशनच्या रॉकेलची किंमत थोडी थोडी वाढवीत नेऊन त्याचे अनुदान संपविण्यात आले. दरम्यान डिझेलही सुधारले. २००० सालच्या मानकानुसार त्यात दशलक्ष भागांत २,५०० भागांपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२०पासून देशभर लागू झालेल्या भारत सहा मानकात ही मर्यादा अवघ्या १० भागांवर आली. मधला पाचवा टप्पा गाळून हे साधले गेले. सरकारी कामाची निंदा करण्याची सवय जडलेल्या आपण वाचकांनी याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

मग रोग बरा झाला म्हणावयाचे काय? तसे म्हणता येत नाही. रॉकेल मागे पडले तरी किमतीतील अंतराचा मोह उरलाच आहे. पेट्रोल आणि डिझेल २०१७पासून वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवले गेले. त्यांच्यावर अबकारी शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर बसतो. उलट कारखान्यांना लागणारी कित्येक खनिज तेले व द्रावके वस्तू व सेवा कराखाली येतात. दिसण्यात आणि जळण्यात जवळजवळ सारखी असलेली दोन द्रव्ये दोन निराळ्या करांखाली आली, की त्यांना एकत्र आणणारा मध्यस्थ निर्माण होणारच. 'बायोडिझेल' या पवित्र नावाखाली महामार्गांच्या कडेला भलतीच तेले खपविण्याचे उद्योग उघडकीस आले, ते याच न्यायाने.

आणखी एक जुनीच गोष्ट नव्या वेषात येऊ पाहत आहे. भारत सहा मानकाच्या पुष्कळ मालमोटारींना डिझेलबरोबर दुसऱ्या लहान टाकीत युरियाचे ३२.५ टक्क्यांचे शुद्ध द्रावण घालावे लागते. धुरातील नायट्रोजनची विषारी संयुगे त्यामुळे निष्प्रभ होतात. शेतीचा युरिया मात्र भरघोस अनुदानाचा. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांस पडते. तो पाण्यात विरघळवून 'द्रावण' म्हणून विकण्याचा मोह कोणास होणार नाही? त्या युरियावर कडुनिंबाचे लेपन असते. ते वाहनातील महागडी यंत्रणा बिघडविते, आणि असा वापर १९८५च्या खत नियंत्रण आदेशाचा भंगही ठरतो. काल गरिबाचे रॉकेल टँकरात गेले. आज शेतकऱ्याचा युरिया टाकीत जाऊ द्यावयाचा काय?

या सर्वांत चालक आणि मालक केवळ बळी आहेत, असे मानणे भाबडेपणाचे होईल. अनेकदा चालकाला खेपेमागे ठरावीक डिझेल मिळते. त्यातून वाचेल ते त्याचे. ढाब्यामागे पिंपातून पाच-दहा रुपयांनी स्वस्त मिळणारे तेल कोठून आले, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. मालकालाही खर्चाचा मेळ घालावयाचा असतो. म्हणजे ज्याला अविश्वासाचा त्रास, तोच अविश्वासाच्या बाजारातले गिऱ्हाईकही. बाटली घेणारा हात आणि पिंपाकडे जाणारा हात पुष्कळदा एकच असतो.

आपण शिक्षक, कारकून, विद्यार्थी; आपला या मालमोटारींशी काय संबंध? संबंध एवढाच, की त्यांच्या दुरुस्तीचा खर्च भाड्यात आणि भाड्यातून भाजीच्या दरात उतरतो, आणि त्यांचा धूर रस्त्याकडेच्या शाळांच्या वर्गांत शिरतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्येच दिला आहे.

उपाय अज्ञात नाहीत. प्रत्येक पंपावर डिझेलची घनता रोज नोंदवावी लागते. टँकरबरोबर आलेल्या आकड्यापासून तिच्यात घनमीटरमागे तीन किलोंहून अधिक फरक पडला तर विक्री थांबवावी लागते. ही तपासणी आणि पाच लिटरचे माप ग्राहकाला मागता येते. मागणारे किती? अर्थात हलके व जड तेल मिसळून घनता जुळविता येते, म्हणून खरा निवाडा प्रयोगशाळेतच होतो. तेव्हा नमुन्यांचे निकाल पंपाच्या नावानिशी लोकांसमोर ठेवावेत, आणि सारख्या कामी येणाऱ्या द्रव्यांवरील करांतील विषमता कमी करावी. पहिल्याने चालकाला भरवसा मिळेल, दुसऱ्याने भेसळीतला नफा जाईल.

आनंदनगरातील त्या चालकाने बाटली पुन्हा आसनाखाली ठेवली आणि पावसात गाडी सुरू केली. एखाद्या दिवशी त्याने ती बाटली विसरून जावी आणि तरीही निश्चिंतपणे कल्याणचा रस्ता धरावा, एवढीच अपेक्षा आहे. ज्यांनी त्या निश्चिंतपणासाठी प्राण दिले, त्यांचे स्मारक पंपावरच्या मापात आणि प्रयोगशाळेच्या अहवालात उभारले गेले पाहिजे.