कारण लिहून द्यावे

बँकेच्या नोकरीत एक नियम माझ्या अंगवळणी पडला होता. चेक न वटवता परत करायचा, तर सोबत रिटर्न मेमो जोडावा लागे आणि त्यावर कारण नोंदवावे लागे : ‘सही जुळत नाही’ किंवा ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’. ‘मला पसंत नाही’ म्हणून चेक परत करण्याची मुभा मॅनेजरलाही नव्हती. समाजमाध्यमांवरील लेखनाला कात्री लागते, तेव्हा मला तो मेमो आठवतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. बंदच्या दिवशी दुकानाचे शटर ओढून बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांच्या मनात असे प्रश्न आले असतील! आपण ते लिहिले नाहीत, इतकेच.

त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. आणि आधार ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा शब्दांचा. कोणाला कशाचा त्रास व्हावा, याचे माप कोणते? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. चर्चा करणे किंवा एखाद्या मताचा पुरस्कार करणे इतरांना अप्रिय असले, तरी तो नागरिकाचा अधिकार आहे. प्रकरण चिथावणीपर्यंत पोहोचले, की निर्बंधाचा प्रश्न येतो, असा विवेक न्यायालयाने केला.

त्याच निकालाने मजकूर रोखण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम ६९अ मात्र कायम ठेवले. लेखी कारणे नोंदवण्याचे बंधन त्यात आहे, हेही न्यायालयाने विचारात घेतले. मेमो आहे, हे समाधानाचे. परंतु २००९ च्या नियमांतील १६ वा नियम तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवण्यास सांगतो. म्हणजे मेमो लिहिला जातो, पण तो खातेदाराच्या हाती पडतोच असे नाही.

एका अफवेने पेढीची पत कशी बुडते, हे व्यापारी जाणतो. म्हणून बदनामी आणि चिथावणी यांना कायद्याचा आवर हवाच. मात्र ज्याचा शब्द पुसला, त्याला कारण कळावे आणि आपली बाजू मांडता यावी. कारण वाचूनच खातेदार आपली चूक दुरुस्त करतो. किंवा बँकेची चूक तिच्या लक्षात आणून देतो.