गळ्यात नळी बसवायची म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय थोडा जड आहे, पण कधीतरी उपयोगी पडेल. घरातलं माणूस आठ-दहा दिवस व्हेंटिलेटरवर असतं आणि डॉक्टर म्हणतात, "ट्रॅकिओस्टॉमी करूया, इथे सही करा." पोटात गोळाच येतो. गळ्याला भोक? म्हणजे आशा संपली का?

तर नाही, सहसा तसं नसतं. तोंडातून घातलेली नळी स्वरयंत्रातून खाली जाते. तिचा त्रास होतो, म्हणून पेशंटला गुंगीत ठेवावं लागतं. ट्रॅकिओस्टॉमीत स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला छोटं छिद्र करून आखूड नळी बसवतात. गुंगीचं औषध कमी करता येतं, कफ काढणं सोपं जातं.

मग मशीन एकदम का काढत नाहीत? छाती आणि पोटाच्या मधला पडदा हा श्वासाचा मुख्य स्नायू. सगळं काम मशीन करत असेल, तर तो काही दिवसांतच रोडावतो, प्लास्टरमधल्या हातासारखा. म्हणून आधार अगदी कमी करून 30 मिनिटं ते 2 तास चाचणी घेतात. धाप लागली की पुन्हा आधार. गळ्यात नळी असली की हे सोपं होतं: आज एक तास मशीनशिवाय, उद्या चार. दमला की मशीन परत जोडायचं, नळी नव्याने घालायची गरज नाही.

मग लवकर केलेलं बरं का? ब्रिटनमधल्या 'ट्रॅकमॅन' अभ्यासाचा निकाल 2013 मध्ये आला. 900 हून जास्त पेशंट होते. एका गटात पहिल्या 4 दिवसांत ट्रॅकिओस्टॉमी, दुसऱ्यात 10 दिवसांनंतर, तीही गरज असेल तरच. 30 दिवसांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात खास फरक दिसला नाही. आणि दुसऱ्या गटात निम्म्याहून कमी जणांचीच ट्रॅकिओस्टॉमी झाली. म्हणजे थोडं थांबणं हाही पर्याय असू शकतो.

म्हणून सही करण्याआधी हे विचारा. मूळ आजार सुधारतोय का? श्वासाची चाचणी घेतली का, कुठे अडलं? यातून मशीन सुटेल, की फक्त मशीनवरचे दिवस वाढतील? आवाज कधी येईल? नळीतला फुगा फुगवलेला असेपर्यंत आवाज निघत नाही, हे आधीच माहीत असलं तर घाबरायला होत नाही. आणि गरज संपली की नळी काढतात. छिद्र बहुतेक वेळा आपोआप बुजतं.

हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. बिनधास्त विचारा. भेटू पुढच्या भागात!