जुन्या पिकअपला पॉवर स्टीअरिंग बसवताना: खांदा वाचला, चासी तुटता तुटता राहिली

आमच्या घरची पिकअप जीपच्या चासीवरची आहे. पुढून जीप, मागे फाळक्यांचा हौदा. महिंद्रानं 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच घराण्यातल्या गाड्या निघत राहिल्या. आमची त्यातलीच एक. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावातून तिनं रोपं, खत, पेंड, मंडपाचे बांबू असं सगळं वाहिलंय. अजूनही महिन्यातून दोनदा ती कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला रोपं पोचवते, आणि चालवतात आबाच.

दोन वर्षांपूर्वी आबांचा उजवा खांदा धरला. वय 67. डॉक्टर म्हणाले, जोर लावायचं काम बंद. या गाडीत तर जागेवर वळवायचं म्हणजे दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. विकायचा विषय काढला की आबा उठून गोठ्यात निघून जायचे. त्यामुळे उरलं एकच: पॉवर स्टीअरिंग.

ते आम्ही दोनदा बसवलं, कारण पहिल्यांदा चुकलं. ती चूक नक्की काय होती ते समजावं म्हणून हे लिहितोय. तुमच्याकडे अशी एखादी जुनी गाडी असेल तर निदान तुमचा दुसरा खर्च वाचेल.

आधी आत काय चालतं ते बघू

साध्या स्टीअरिंगमध्ये सगळा जोर तुमच्या हाताचा. स्टीअरिंगचा दांडा बॉक्समधला स्क्रू फिरवतो, त्यानं सेक्टर शाफ्ट थोडा फिरतो, त्याला बसवलेला ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो आणि चाकं वळतात. जोर कमी लागावा म्हणून स्टीअरिंगला वळसे जास्त घालावे लागतात, एवढीच काय ती सोय.

पॉवर स्टीअरिंगच्या बॉक्समध्ये याच रचनेत दोन गोष्टी वाढतात. एक टॉर्शन बार, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा आणि आतला स्क्रू यांना जोडणारी बारीक, पीळ बसेल अशी सळई. आणि एक पिस्टन. तुम्ही स्टीअरिंग वळवता, चाकं जमिनीला धरून बसलेली असतात, म्हणून सळईला अगदी थोडा पीळ बसतो. त्या पिळानं व्हॉल्व्हची तोंडं उघडतात आणि इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला घुसतं. पिस्टन सरकतो आणि सेक्टर शाफ्ट फिरवतो. तुम्ही थांबलात की पीळ सुटतो, तेल परत टाकीकडे. थोडक्यात, तुमचा हात फक्त ‘कुठं आणि किती’ ते सांगतो. ढकलायचं काम तेल करतं.

पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलं तरी स्टीअरिंग सुटत नाही. सळई ठराविक मर्यादेपलीकडे पिळत नाही, पुढे थेट लोखंडाला लोखंड लागतं. गाडी वळते, पण पूर्वीपेक्षाही जड, कारण आता तुम्ही तेलही ढकलत असता. सपाट मोकळ्या मैदानात, अगदी हळू चालत्या गाडीत हे एकदा करून बघा. ते पहिल्यांदा घाटात कळू नये.

या कल्पनेचा मूळ धनी फ्रान्सिस डेव्हिस, अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकवर काम केलेला इंजिनिअर. त्यानं 1926 मध्ये चालतं हायड्रॉलिक स्टीअरिंग दाखवलं. बाजारातल्या कारमध्ये ते यायला 1951 उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे हाल होतात, हे बघून निघालेली ही युक्ती आहे.

स्टीअरिंग जड आहे, पण कशामुळे?

हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारलाच नाही. दुसऱ्यांदा काम घेतलं त्या मिस्त्रींनी (गावात सगळे त्यांना मामा म्हणतात) पॉवर स्टीअरिंगला हातसुद्धा लावायच्या आधी ड्रॅग लिंक सोडवून जुना बॉक्स तात्पुरता जोडायला लावला, आणि घरून ताणकाटा आणायला सांगितला, तो भाजी लटकवून तोलायचा असतो ना, तो. त्याचा हूक स्टीअरिंगच्या कडेला अडकवायचा आणि ओढायचं. आधी पुढची दोन्ही चाकं हवेत, मग जमिनीवर.

चाकं हवेत असताना जमिनीची काही पकडच नसते. तरीही आमचा काटा 7 किलो दाखवत होता. मामा म्हणाले, “हा गाडीचा भार नव्हे, हा गंज.” किंगपिनमध्ये ग्रीस पोचतच नव्हतं, कारण निपल रंगानं बुजलेली. मधली बेलक्रँक, म्हणजे बॉक्सकडून येणारा जोर दोन्ही टाय रॉडना वाटणारा तो कोपऱ्यासारखा तुकडा, एका बाजूला इतकी झिजलेली की वाकडी होऊन अडकत होती. किंगपिन नवीन, सांधे नवीन, सगळीकडे ग्रीस, टायरमध्ये हवा बरोबर. काटा हवेत 3 किलोवर आला. सिमेंटवर आधी 22 होता, तो 15. एक तृतीयांश काम ग्रीस गननं केलं.

पहिल्या वर्कशॉपनं याच अडकणाऱ्या सांध्यांवर पॉवर बॉक्स चढवला होता. स्टीअरिंग तेव्हाही लोण्यासारखं झालं, आम्ही खूश होऊन पेढेसुद्धा वाटले. पण जोर कमी झाला नव्हता, तो लावणारा बदलला होता. माणसाच्या हाताला अडथळा कळतो, हात थकतो, थांबतो. पंपाला काही दुखत नाही.

तो जोर जातो कुठं?

कागदावर मांडून बघा. बॉक्समधल्या पिस्टनचा व्यास 60 मिलिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस सेंटिमीटर. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह 70 बारला उघडतो असं धरा. पिस्टनवर जवळजवळ दोन टनांचा रेटा आला. तो सेक्टर शाफ्टच्या केंद्रापासून 4 सेंटिमीटरवर लागतो आणि ड्रॉप आर्म 16 सेंटिमीटर लांब आहे, तर आर्मच्या टोकाला त्याचा चौथा हिस्सा, साधारण 500 किलो.

बॉक्स ड्रॅग लिंकला 500 किलोनं ढकलतो तेव्हा ड्रॅग लिंकही बॉक्सला तेवढ्याच जोरानं उलटं ढकलते. बॉक्स चासीला धरणारे बोल्ट एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर असतील, तर तो पिळा रोखायला त्यांच्यावर 800 किलोच्या आसपास ओढ येते. चाक दगडाला टेकलेलं असताना किंवा स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून धरलं तर हा पूर्ण आकडा. साध्या स्टीअरिंगमध्ये इतका जोर आबांनी दात-ओठ खाऊन कधीतरी लावला असेल. आता तो दोन बोटांनी रोज लागत होता.

आणि आमचा बॉक्स कशावर उभा होता? सी-आकाराच्या चासीला बाहेरून वेल्ड केलेल्या एका अँगलच्या तुकड्यावर.

चार महिन्यांनी वळताना ‘टक’ असा आवाज यायला लागला. आबा म्हणाले, “गाडी जरा उशिरा ऐकतीय.” मी ते तेलावर ढकललं, तेल भरलं, विसरलो. दुसऱ्या दिवशी चिपळूणची खेप होती. हौद्यात रोपं भरत होतो, इंजिन चालू होतं, आबांनी सहज स्टीअरिंग हलवलं आणि चुलतभाऊ पुढून ओरडला, “दादा, बॉक्स हलतोय!” चाकं जागेवर होती, आणि बॉक्सच अर्धा-पाऊण इंच मागेपुढे होत होता. वेल्डच्या कडेनं चासीला बोटभर लांब चीर गेली होती. हौदा तसाच भरलेला सोडून आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

ही तपासणी फुकट आहे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, एकानं आत बसून स्टीअरिंग डावी-उजवी थोडं हलवायचं आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून (गाडीखाली नव्हे) बॉक्स आणि चासीच्या सांध्याकडे बघायचं. बॉक्स केसभर जरी हलला तरी गाडी हलवायची नाही.

दुसऱ्यांदा काय वेगळं केलं

मामांनी चीर गेलेला भाग साफ केला, चिरेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे जाणं थांबवलं, मग वेल्डिंग. आतून 6 मिलिमीटरची प्लेट बसवली, तिची टोकं तिरकी कापून, म्हणजे ताण एका सरळ रेषेत साठत नाही. बोल्ट चासीच्या उभ्या भागातून आरपार. वरच्या-खालच्या कडांना भोक नाही, कारण वाकण्याचा ताण तिथंच सगळ्यात जास्त असतो. आणि प्रत्येक बोल्टभोवती आतून जाड नळीचा तुकडा. तो नसेल तर बोल्ट आवळताना पोकळ चासी चेपते आणि बोल्ट कधीच खरा आवळला जात नाही. शिवाय समोरच्या चासीपर्यंत एक आडवा पाइप, म्हणजे रेटा एकाच बाजूवर राहत नाही.

दुसरा बदल सांगाड्यात. बेलक्रँक काढून टाकली. बॉक्स पुढे घेतला, ड्रॅग लिंक आडवी डाव्या चाकाकडे, आणि दोन्ही चाकांमध्ये एकच लांब टाय रॉड. ड्रॅग लिंक जितकी लांब आणि जितकी आडवी, तितकं बरं. ती तिरकी राहिली तर पाटे दबले की लिंक आपोआप चाक ढकलते आणि खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते. इथं एक गंमत झाली. ड्रॉप आर्मचं तोंड आधी मागच्या दिशेला होतं, आणि चाकं जॅकवर असताना स्टीअरिंग डावीकडे वळवलं तर चाकं उजवीकडे! आर्म पुढे वळवला तसं सरळ झालं. म्हणून पहिली चाचणी कायम चाकं हवेत ठेवून.

स्टीअरिंगच्या दांड्याला आता दोन युनिव्हर्सल जॉइंट लागले. त्यांचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर स्टीअरिंग एकाच फेरीत आलटून पालटून हलकं आणि जड लागतं. दांडा कापून वेल्ड करू नका, दातेवाले जॉइंट घ्या.

पंपाची पुली आणि इंजिनची पुली एका रेषेत नसेल तर पट्टा किंचाळतो आणि एक दिवस उडतो. प्रेशरची नळी हायड्रॉलिकवाल्याकडून प्रेस करून घ्या, क्लिप लावलेला साधा रबरी पाइप 70 बारला टिकत नाही. परतीच्या नळीला क्लिप चालते. तेल भरल्यावर इंजिन बंद ठेवून, चाकं हवेत, स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा आणि टाकी भरत राहा. घाई केली तर तेलाचा दुधाळ फेस होतो आणि पंप गुरगुरतो. चाकांचे स्टॉपर असे लावा की बॉक्स आतून टेकायच्या आधी चाक थांबेल.

छोट्या कारमधलं इलेक्ट्रिक स्टीअरिंग का नाही, असं तुम्ही विचाराल. जुन्या जीपांना ते बसवतात, तेलाचा पसारा नसतो. पण ती मोटर हलक्या गाडीसाठी बनलेली. जागेवर वळवताना भरपूर करंट ओढते आणि आमचा जुना अल्टरनेटर हेडलाइटनंच दमतो. त्यात कंट्रोलरला गाडीचा वेग कळला नाही तर मदत किती द्यायची याचा अंदाज चुकतो. भार वाहणाऱ्या गाडीला मी ते बसवणार नाही.

कागदपत्रांचं राहिलंच. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. काम सुरू करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, नंतर नव्हे.

सगळं झाल्यावर आबांची तक्रार आली ती उलटीच. “हातात गाडीच लागत नाही. रस्ता कळत नाही.” खरं होतं. जुन्या गाड्यांत स्टीअरिंग हलकं राहावं म्हणून कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, मुद्दाम कमी ठेवतात. आता हलकेपणा तेलाकडून येत होता, त्यामुळे तो कोन वाढवायला हरकत नव्हती. मामांनी पाट्यांखाली दोन अंशांच्या पाचरी टाकल्या आणि टो-इन पुन्हा बघितलं. वळणानंतर स्टीअरिंग आता आपोआप सरळ येतं आणि हाताला थोडा विरोध लागतो.

दोन्ही वेळचा मिळून खर्च 41 हजार झाला. त्यातले पहिले 17 वाया. घाट उतरायच्या आदल्या संध्याकाळी आबा बॉक्सच्या बोल्टवर पान्हा लावून बघतात, आणि मी समोर टॉर्च धरून उभा असतो.