जन्म, लग्न, मृत्यू : दाखल्याला किती पैसे?

21 दिवसांत फुकट : जन्म किंवा मृत्यूची खबर 21 दिवसांत दिली, तर नोंदणीला फी नाही. खबर देणाऱ्याला पहिला उतारा विनामूल्य द्यावा, असे 1969चा नोंदणी कायदाच सांगतो.

उशीर झाला तर : तीस दिवसांपर्यंत फक्त विलंब शुल्क. त्यापुढे वर्षाच्या आत लेखी परवानगीही लागते. वर्ष उलटले की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. विलंब शुल्क किरकोळच. खरा खर्च हेलपाट्यांचा.

बाळाचे नाव : नोंदणीपासून 12 महिन्यांत घातले, तर फी नाही.

गावात 20 रुपये : ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा लोकसेवा हक्काचा फलक वाचा. जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदीचा दाखला प्रत्येकी 20 रुपये, मुदत 7 दिवस. मुदत टळली, तर 2015च्या कायद्याने अपील करता येते. महापालिकांचे दर वेगळे असतात.

लग्नाची नोंद : नमुना 'ड'च्या अर्जावर वधू-वर, तीन साक्षीदार आणि पुरोहित किंवा काझी यांच्या सह्या लागतात. 90 दिवसांनंतर फी टप्प्याटप्प्याने चढते.

जुनी नोंद शोधताना : शोध फी वर्षागणिक लागते. नेमकी तारीख ठाऊक असली, तर पैसे वाचतात.

लक्षात ठेवा : 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट आणि मतदारयादीसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. पैसे दिले की पावती मागा.