माडी, ताडी आणि सूर

नारळाच्या रसापासून होणारी माडी आणि ताडाच्या रसापासून होणारी ताडी ही पेये इतर मद्यांप्रमाणे भट्टीत तयार करावी लागत नाहीत. झाडाची साखर छेदातून बाहेर येते आणि हवेतील व मडक्यातील सूक्ष्मजीव तिचे आपोआप मद्य करतात. गोव्यात माडीला सूर म्हणतात. शिंदीच्या आणि कोकणातील भेर्ली माडाच्या रसापासूनही असे पेय मिळते, परंतु किनारपट्टीच्या स्वयंपाकाशी सर्वांत घट्ट नाते जुळले ते नारळाच्या रसाचे.

हा रस फळातून येत नाही, तर पोयीतून म्हणजे अजून न उमललेल्या फुलोऱ्यातून येतो. पोय घट्ट बांधून तिच्यावर काही दिवस हलके ठोके द्यावे लागतात आणि टोकाचा पातळ काप रोज घ्यावा लागतो. मगच ती पाझरू लागते. छेदलेल्या पोयीला नारळ धरत नाहीत, त्यामुळे रस काढायचा की फळ घ्यायचे याचा हिशेब बागायतदाराला आधीच करावा लागतो. कोकणात हे काम परंपरेने भंडारी समाजाने केले, तर गोव्यात ते करणाऱ्याला रेंदेर म्हणतात. रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळी व संध्याकाळी पोयीला अडकवलेल्या दामोण्यातला, म्हणजे मातीच्या मडक्यातला, रस उतरवतो आणि दुपारी काती नावाच्या धारदार कोयत्याने केवळ छेद ताजा करतो, कारण छेद सुकला की पाझर थांबतो. उंच माडाच्या शेंड्यावर, पावसात निसरड्या झालेल्या खोडावरही न चुकता करावयाचे हे कौशल्य कोणत्याही कारागिरीइतक्याच मानाचे आहे.

ताज्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबण्याची क्रिया रोखली जाते आणि हाती गोड, मादकतारहित नीरा येते. चुना नसेल तर यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्याला आंबटपणा देतात. म्हणूनच सकाळी उतरवलेली माडी गोडसर, फेसाळ आणि सौम्य असते, दुपारपर्यंत तिला धार येते, संध्याकाळी ती कडक लागते आणि एकदोन दिवसांत तिचा व्हिनेगर होऊ लागतो. अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे ४ ते ६ टक्क्यांच्या आसपास राहते. जाणकार पिणारा प्रथम वेळ विचारतो, मग चव पाहतो. सोबतीला भाजलेला सुका बोंबील किंवा तिखट कालवण असले की आंबटगोड माडीची रुची अधिक खुलते.

स्वयंपाकघराने मात्र तिच्या प्रत्येक अवस्थेचा उपयोग करून घेतला. गोव्यात वाटलेल्या तांदळाच्या पिठात सूर घालून ते फुगवतात आणि वाफवून पांढरीशुभ्र, जाळीदार सान्नां करतात; गोव्याच्या बेकऱ्यांत पावाचे पीठही पूर्वी सुरेनेच फुगवले जाई. आंबट झालेल्या सुरेचा व्हिनेगर विंदालू आणि सोरपोतेल यांना त्यांची ओळख देतो. बाजारी यीस्टने सान्नां फुगतात हे खरे, पण सुरेचा मंद गोडवा आणि वास त्यांना येत नाही.

सरकारने ताड-माडाच्या झाडांकडे प्रामुख्याने महसुलाच्या दृष्टीने पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवाने आणि कर यांची पकड घट्ट केली, आणि ज्यांच्या आहारात व सणासमारंभांत ताडी सहजपणे मिसळलेली होती त्या आदिवासींना आपल्याच परिसरातील झाडाचा रस काढण्यासाठी परवानगी लागू लागली. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवी चळवळीत हजारो आदिवासींनी दारू आणि ताडी सोडली, त्यामागे मद्यविक्रेत्यांच्या जाचातून सुटण्याची इच्छाही होती, हे इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दाखवून दिले आहे. तरीही वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस आजही ठळकपणे दिसतो.

आजचे दुखणे वेगळे आहे. एका झाडाचा रस दिवसाला लिटर-दोन लिटरच्या आसपास निघतो आणि तो फार काळ टिकत नाही. शहराची मागणी याहून कितीतरी मोठी असल्याने पाणी, साखर आणि क्लोरल हायड्रेटसारखी घातक गुंगीची रसायने मिसळलेली बनावट ताडी विकली जाते, आणि तिच्यामुळे खऱ्या ताडीचीही बदनामी होते. सकाळ-संध्याकाळ एकाच चवीची मिळणारी ताडी संशयास्पद मानावी, कारण झाडावरून उतरलेला रस तसा राहूच शकत नाही. दुसरीकडे माडावर चढणारे हात घटत चालले असून रेंदेराची मुले या जोखमीच्या कामात उतरू इच्छित नाहीत. माडावर चढणाऱ्यांना विमा, सुरक्षित चढण्याची साधने आणि रसाला रास्त भाव मिळाला, तरच सान्नांसाठी ताजी सूर यापुढेही मिळत राहील.