खारपाणातली भिंत आणि चुन्याची दरज

अंजनगाव सुर्जीच्या जुन्या वस्तीतून चालताना घरांच्या भिंती कमरेखाली पाहाव्यात. वरच्या अंगाला रंग असतो, दिवाळीच्या तोंडावर त्यावर नवा हातही फिरलेला असतो. खाली मात्र, जोत्यापासून दोन-तीन हात उंचीपर्यंत, विटांचे पापुद्रे सुटलेले दिसतात आणि ओट्यावर लाल भुकटी सांडलेली असते. ज्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, मध्यंतरी कधीतरी सिमेंटनं भरून घेतल्या, तिथं तर विटा आत खचत गेलेल्या आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या जागच्या जागी, मध काढून घेतलेल्या पोळ्यासारख्या. घरमालकाला वाटतं, वीट कच्ची निघाली. पुष्कळदा वीट चांगलीच असते. तिच्या भोवती भरलेला माल तिच्यापेक्षा कठीण होता, आणि त्यानंच तिचा घात केला.

हा सगळा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला. उत्तरेला सातपुडा आणि गाविलगडाचे डोंगर. दक्षिणेला दर्यापूर, मूर्तिजापूरकडे उतरत जावं तसा खारपाण पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली 932 गावं घेतली गेली, यावरून त्याचा विस्तार कळावा. शेतीच्या अंगानं या खाऱ्या पाण्यावर भरपूर लिहिलं-बोललं गेलं आहे, घराच्या अंगानं फारच थोडं. विहिरीचं खारं पाणी पिकाला मारतं हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पण तेच पाणी विटा भिजवायला, माल कालवायला आणि पुढं कितीतरी दिवस भिंतीवर मारायला बिनधास्त वापरलं जातं.

जमिनीतली ओल विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढते आणि विरघळलेले क्षार सोबत आणते. पाणी वाफ होऊन निघून जातं, क्षार मागं राहतात. भिंतीवर पांढरं फुटतं, त्याला लोणा म्हणतात. दिसायला तो वाईट, पण बाहेर आलेला लोणा फारसं नुकसान करत नाही. नुकसान करतो तो पृष्ठभागाच्या आत, बोटाच्या पेराएवढ्या खोलीत साठलेला क्षार. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ ओल ओढून विरघळतं, खाली आली की त्याचे पुन्हा खडे होतात. सोडियम सल्फेटची तऱ्हा आणखी वाईट. सुमारे 32 अंश सेल्सियसच्या खाली ते पाणी धरून नवा स्फटिक बनवतं, आणि त्या रूपात त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. वऱ्हाडात वर्षातले कितीतरी दिवस असे असतात की दुपारी पारा 32च्या बराच वर आणि पहाटे त्याच्या खाली. म्हणजे ज्या भिंतीत हा क्षार आहे, तिला आतून रेटा बसतच राहतो.

हा रेटा थांबवणं अवघड. तो विटेत बसावा की दरजेत, हे मात्र घर बांधणाऱ्याच्या आणि दुरुस्त करणाऱ्याच्या हातात असतं. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. दरज चुन्याची असेल तर ती विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते. ओल तिच्यातून बाहेर पडते, क्षार तिच्यात साठतो, झीज तिची होते. काही दशकांनी ती खरवडून पुन्हा भरता येते, वीट शाबूत राहते. दरज सिमेंटची झाली की ती वाट बंद. मग सगळी ओल विटेच्या तोंडातून बाहेर येते आणि क्षारही तिथंच फुटतो. जुनी, हातानं थापलेली, भट्टीत कमी-जास्त भाजलेली वीट तो मार सोसू शकत नाही. झिजणं हे दरजेचं कामच आहे. झिजलेली दरज पाहून घाबरण्याचं कारण नाही, ती वेळेवर न भरण्याचं मात्र आहे.

सिमेंट आपल्याकडं किती अलीकडचं आहे, याची आठवण अंजनगावातच ठेवावी. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्याच्या पंधरवडाभर आधी, 15 डिसेंबरला, आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला होता. त्या वेळी पोर्टलंड सिमेंट नावाची वस्तू जगात नव्हती. जोसेफ ॲस्पडिननं त्याचं पेटंट इंग्लंडात 1824 साली घेतलं. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं 1914 साली, आणि खेड्यापाड्यांत ते पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. तेव्हा आजोबा-पणजोबांच्या काळातल्या घराची भिंत चुन्यात किंवा मातीत बांधलेली असणार, हे धरूनच दुरुस्तीला हात घालावा.

चुना आणि वीट मिळून किती टिकतात हे पाहायला लांब जायला नको. अकोला जिल्ह्यात बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं तो सुरू केला असं सांगतात. अचलपूरचा नवाब इस्माईल खान यानं 1757 मध्ये तो पुरा केला. त्याचे उंच तट आणि बुरूज विटांचे आहेत. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी नदीचं पाणी, उन्हाळ्यात वऱ्हाडचं ऊन, आणि अडीचशेहून अधिक वर्षं. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे, तोही सिमेंटच्या कितीतरी आधीचा. धाराशिव जिल्ह्यात तेर इथलं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर तर याहून कैक शतकं जुनं. ही नावं मोठी आहेत म्हणून नव्हे, तर मऊ मालात बसवलेली वीट काळाला पुरून उरते याचा पुरावा म्हणून ती ध्यानात ठेवावीत.

आता आपल्या घराच्या भिंतीकडं. खिळा घेऊन दरजेत रेघ ओढावी. माल पिठासारखा सुटत असेल, किंवा तो विटेच्या तोंडापासून पाव इंचाहून जास्त आत गेला असेल, तर दरजा भरायची वेळ झाली. पण त्याआधी पाणी कुठून येतं हे शोधलं पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत दोन पावसाळ्यांत वाहून जाते. धाब्यावरचं पाणी भिंतीवरून उतरतं का, पन्हाळ भिंतीशीच सुटते का, बाहेरची नाली तुंबून जोत्यात मुरते का. जुन्या गल्ल्यांत एक गोष्ट हमखास आढळते. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा काँक्रीटचा थर पडतो, रस्ता जोत्याच्या वर येतो आणि पावसाचं पाणी घराकडं वळतं. भिंतीला लागून पक्का सिमेंटचा ओटा घातला की जमिनीतली जी ओल पूर्वी अंगणातून उडून जात होती, ती भिंतीतून चढू लागते.

भेगांचं दुखणं वेगळं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावरचा पायाही वर-खाली होतो. दरजेदरजेतून पायऱ्यांसारखी तिरपी चढत गेलेली भेग दिसली तर ती आधी जोखावी. भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे. तिथं काम दरजेचं नाही, पायाचं आहे, आणि ते जाणकार अभियंत्याला दाखवूनच करावं.

जुना माल कशाचा आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. एक खडा पाण्यात टाकावा. विरघळून गाळ झाला तर ती माती. दुसऱ्या खड्यावर लिंबू पिळावं. फसफसला आणि नखानं खरवडला गेला तर चुना असण्याचा संभव मोठा. पुष्कळ जुन्या घरांत आतलं बांधकाम मातीत आणि बाहेरच्या दरजा तेवढ्या चुन्याच्या, असा काटकसरीचा मेळ असतो. अशा भिंतीत दरज फार खोल खणू नये. आतली माती सुटली की विटा हलतात.

एरवी खोलीचा नियम सोपा आहे: दरज जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट ते अडीचपट आत माल काढायचा. म्हणजे 10 मिलिमीटरच्या दरजेला 20 ते 25 मिलिमीटर. वरवर लिंपलेला माल उन्हात आकसतो आणि पापडीसारखा गळून पडतो. दरजेहून अरुंद छन्नी आणि हलका हातोडा घेऊन काम करावं. मिस्त्री घाईत असला की कटर काढतो. तिथं घरमालकानं त्याला थांबवलंच पाहिजे. भाजलेल्या विटेचं बाहेरचं अंग आतल्यापेक्षा कणखर असतं आणि कटरची एक चूक ते कायमचं कापून टाकते. वरून खाली यावं, थोडा थोडा भाग उघडावा आणि भरत जावं. सगळी भिंत एकदम पोखरून ठेवणं धोक्याचं.

लोणा असेल तर तो पाण्यानं धुऊ नये. धुतला की तो विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडून, खाली कापड धरून गोळा करावा आणि घरापासून लांब टाकावा. खूपच क्षार असेल तर साध्या कागदाचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून भिंतीवर थापतात. तो वाळताना क्षार ओढून घेतो, मग सोलून काढायचा. असं दोन-तीनदा केलं की फरक पडतो. त्यानंतर दरजा साफ करून भिंत आदल्या दिवशी आणि कामाच्या आधी भिजवायची; ओलसर हवी, निथळणारी नको. कोरडी वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत राहतो.

पाण्याबद्दल पुन्हा सांगायला हवं. बोअरचं खारं पाणी या कामाला बिलकुल नको. शहानूर धरणाचं गोडं पाणी नळानं येतं, तेच साठवून वापरावं. कामाच्या मानानं ते थोडंच लागतं. रेतीही खाऱ्या जागेची नको. थोडी रेती काचेच्या बाटलीत पाण्यासोबत हलवून ठेवली की गाळ वर बसतो. थर जाड दिसला तर रेती धुवावी.

चुन्याची गोष्ट अंजनगावला नवी नाही. नागवेलीचे मळे आणि पानपिंपळी यांसाठी या भागाचं नाव आहे, आणि विड्याला लावतात तो चुना आणि दरजेतला चुना मुळात एकच. चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 56 किलो कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो उकळतो आणि फुटतो, त्याचं लोणी होतं. भिंतीत गेल्यावर हवेतला तोच वायू परत घेत तो महिनोन्‌महिने सावकाश दगड बनत राहतो. चुना पुरता विरलेला हवा, निदान काही आठवडे पाण्याखाली मुरलेला. कच्चा राहिलेला कण पुढं भिंतीत फुलतो आणि माल उडवतो. काळ्या मातीत नांगराला लागणारे चुनखडीचे कंकर भाजून निघणारा चुना आणखी गुणाचा, कारण त्यात मातीचा अंश असतो आणि तो ओलीतही घट्ट होतो. असा चुना पाण्यातही का धरतो, हे इंग्लंडात जॉन स्मीटननं एडिस्टनच्या दीपगृहासाठी 1750च्या दशकात शोधलं. आपल्याकडच्या भारतीय मानक 712 मध्ये कंकरापासूनच्या चुन्याला स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. नुसता पांढरा चुना मिळाला तर त्यात सुरखी, म्हणजे विटेची बारीक भुकटी, मिसळली की तोच गुण बऱ्याच अंशी येतो. पूर्वी हे सगळं बैलाच्या घाणीत दळलं जाई. आता घाण्या गेल्या, मिक्सरवर किंवा फावड्यानं भरपूर मळून घ्यावं लागतं.

एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग रेती, त्यातली थोडी सुरखी. माल घट्ट हवा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा. दरजेत तो एकदम न भरता सेंटिमीटरभराचे थर द्यावेत. एका थरावर अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की पुढचा. विटांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर माल तोंडापासून किंचित आतच ठेवावा. बाहेरपर्यंत आणला तर तो विटेवर पसरतो, पातळ कड लगेच तुटते आणि तिथून पाणी शिरतं. थोडा धरल्यावर ताठ ब्रशनं ठोकून घेतला की पृष्ठभाग मोकळा राहतो. करणीनं घोटून गुळगुळीत करण्याचा मोह मिस्त्रीला होतोच, पण घोटलेली दरज ओल बाहेर सोडत नाही.

मग गोणपाट. ओलं गोणपाट लावून भिंत निदान सात-आठ दिवस सावलीत आणि ओलसर राखायची. म्हणूनच हे काम वैशाख-ज्येष्ठात काढू नये. पाऊस सरलेला, भिंत बऱ्यापैकी सुकलेली, ऊन सौम्य, असा कार्तिक ते माघ हा काळ दरजांसाठी उत्तम.

सिमेंटवर सरसकट बंदी घालण्याचं कारण नाही. गेल्या चार-पाच दशकांत सिमेंटातच बांधलेल्या, चांगल्या भाजलेल्या विटांच्या घराला चुन्याचा अट्टहास नको. तिथंही माल फार कडक करू नये. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असा सौम्य माल दरजांना पुरतो. खरी चूक होते ती जुन्या भिंतीवर सिमेंटची छपाई करून वर ऑइल पेंट मारण्यात. दोन वर्षं भिंत सुंदर दिसते. ओल मात्र आत कोंडते आणि वर वर चढत जाते. कमरेखाली थांबणारा लोणा छातीपर्यंत येतो, शेवटी छपाई फुगून विटेचं अंग घेऊनच खाली येते. जुन्या भिंतीला छपाई हवीच असेल तर चुन्याची आणि रंग हवा असेल तर चुन्याचाच द्यावा.

काही विटा इतक्या गेलेल्या असतात की दरज भरून भागत नाही. त्या एकेक करून काढाव्यात आणि जागी त्याच मापाच्या, तशाच जातीच्या बसवाव्यात. आजच्या भट्टीची वीट जुन्या थरात मापानं बसत नाही. गावात एखादं जुनं घर पाडलं जात असेल तिथून शाबूत विटा आणून ठेवणं शहाणपणाचं. वीट कोरड्या जागेची आहे ना, एवढं पाहून घ्यावं. नहाणीच्या किंवा गोठ्याच्या भिंतीतली वीट आधीच क्षारानं भरलेली असते. पहिल्या पावसाळ्यानंतर नव्या दरजांवर थोडा पांढरा क्षार येईल, पुढची एक-दोन वर्षंही येत राहील. तो कोरड्या ब्रशनं झाडत राहावं आणि दरज कुठं पोकळ वाजते का, हे खिळ्यानं टोचून पाहत जावं.