‘घरबसल्या’ या शब्दाचा घोटाळा

मी घरून मुद्रितशोधन आणि भाषांतर करते, त्यामुळे आमच्या मजल्यावरचे चार सिलिंडर माझ्या भरवशावर येतात. ‘तुम्ही घरीच असता ना!’ या वाक्याचा आता राग येत नाही. दोष त्या शब्दाचा आहे. या कामाला आपण ‘घरबसल्या’ म्हणतो; मग बसल्या बसल्या होतं ते काम कसलं, असं ऐकणाऱ्याला वाटणारच.

आता तर हे सगळं करोनाने आणलं असंही बोललं जातं. लॅपटॉपवाल्यांपुरतं ते खरं मानू. पण येवल्यात पैठणीचे माग राहत्या घरातच असतात आणि मुंबईच्या चाळींतून शर्टांची काजबटणं करणाऱ्या बायकांनी कधी ऑफिस पाहिलेलं नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे ‘लिज्जत’ झाला. त्यांची पद्धत साधी आहे. मळलेलं पीठ केंद्रातून घरी न्यायचं, पापड लाटून-वाळवून परत आणायचे आणि वजनावर मजुरी घ्यायची. मात्र त्या संस्थेतल्या बहिणी नुसत्या मजूर नाहीत, मालकही आहेत. घरून होणाऱ्या बाकी बहुतेक कामांत ही दुसरी बाजू नसते.

यातूनच येतो तो अधिक महागडा समज: घरी बसून करतो म्हणजे आपण कुणाचे कामगार नाही, आपल्याला हक्कबिक्क काही नसतात. सोलापूर किंवा सिन्नरच्या बिडी कामगार बाईला हे सांगून पाहा. कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायची, पानं कापायची, बिड्या वळायच्या, दोऱ्याने बांधायच्या आणि हजारी दराने मजुरी घ्यायची, हे काम पिढ्यान् पिढ्या घरातच चालत आलं आहे. 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने अशा घरी काम करणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत ‘कर्मचारी’ म्हटलं. मालकांनी त्याविरुद्ध खटले लढवले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. 1985 मध्ये भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला, तेव्हा घरी बिड्या वळणाऱ्यांनाही तो लागू होतो, असाच निकाल दिला. काम कुठे बसून केलं यापेक्षा माल कुणाचा, तपासतो कोण आणि खराब म्हणून परत करण्याचा अधिकार कुणाकडे, हे प्रश्न मोठे आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यांत सामावला गेला. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत ‘घरून काम करणारा कामगार’ अशी व्याख्याच आहे. तेव्हा राख्या, टिकल्यांची पाकिटं, नकली दागिने असली नगावरची कामं करणाऱ्यांनी ई-श्रम नोंदणी करावी; ती फुकट आहे. तिच्याने मजुरी वाढत नाही, हेही सांगून ठेवते.

आता जाहिरातींकडे वळू. ‘पेन्सिल पॅकिंग करा, महिना 30,000 कमवा, नोंदणी फक्त 650 रुपये.’ क्षणभर कारखानदाराच्या जागी बसून विचार करा. यंत्र जे काम मिनिटात उरकतं, त्यासाठी तो गावोगावच्या हजार घरांत खोकी पाठवील आणि परत गोळा करील? नगावरचं खरं काम इंटरनेटवरून येत नाही, गल्लीतून येतं. ओळखीची बाई माल आणते, मोजून देते, मोजून नेते. पैसे उशिरा देते, कापते, पण काम देण्याआधी मागत नाही. ‘काम हवं तर आधी पैसे भरा’ असं म्हणणाऱ्याचा धंदा पेन्सिलचा नसून तुमच्या 650 रुपयांचा असतो.

यापेक्षा हुशार चोर उलट करतात, ते आधी पैसे देतात. हॉटेलांना रेटिंग द्यायचं काम, आणि खात्यात खरोखरच दीडशे-दोनशे रुपये जमा होतात. मग टेलिग्रामच्या गटात घेऊन पाच हजार ‘गुंतवायला’ सांगतात, पडद्यावर शिल्लक फुगत जाते आणि काढायला गेलं की आधी ‘कर’ भरा म्हणतात. डेटा एंट्रीची तऱ्हा आणखी निराळी. पानं टाइप करून दिली की ‘अचूकता 90 टक्क्यांखाली’ आणि मागोमाग करारभंगाची नोटीस. ती पाहून रडकुंडीला आलेल्या एका मुलाला मी सांगितलं होतं, तेच इथेही सांगते: करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत आणि वकिली भाषेतला कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली तरच काही हाती लागतं. आपलं बँक खातं ‘वापरायला’ देण्याचं काम तर कुणीही घेऊ नये. त्यात आपणच आरोपी होतो.

वेळेचं स्वातंत्र्य? पान रात्री अकराला आलं आणि सकाळी सातला छपाईला जायचं असेल, तर ते स्वातंत्र्य अकरा ते सात एवढंच.

उरले नियम. ‘घरगुती आहे, आपल्याला काय कायदा?’ हे डबे आणि दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांचं आवडतं वाक्य. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा स्वयंपाकघराचा पत्ता पाहून सूट देत नाही; छोट्या व्यवसायालाही नोंदणी लागते, मात्र तिचं शुल्क किरकोळ असतं. उलट जीएसटीला लोक उगाच घाबरतात. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. आयकराचं तिसरंच. मानधनातून 10 टक्के कापून आले म्हणजे कर भरून झाला असं पुष्कळांना वाटतं. ती नुसती आगाऊ कपात असते. विवरणपत्र भरलं नाही, तर जास्त कापलेलेही परत मिळत नाहीत. मी दोन वर्षं असे सोडून दिले होते.

आणि वीज. घरात शिलाई मशीन किंवा संगणक चालवला की मीटर व्यापारी होतो, ही भीती शेजारीपाजारी हमखास घालतात. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना घरगुती दर ठेवलेला आहे. अट एवढीच, की वापर महिन्याला 300 युनिटांच्या आणि आदल्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटांच्या आत हवा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो एकदा बघून घ्यावा.